चिनी नववर्ष घरी पाळताना: रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची कामे

सण म्हटला की भल्या पहाटे उठायचे, केर काढायचा, डोक्यावरून न्हायचे आणि मग गोडाधोडाला लागायचे, हा क्रम आपल्या अंगात इतका मुरलेला असतो की चिनी नववर्षाच्या सकाळीही मराठी माणसाचा हात आपसूक केरसुणीकडे जातो. तिथे नेमकी तीच सर्वांत मोठी चूक ठरते. नोकरीनिमित्त शांघाय, सुचौ किंवा शेनझेनला राहणारी आणि चिनी कुटुंबाशी सोयरीक झालेली मराठी मंडळी दरवर्षी याच प्रकारे फसतात. त्यांना प्रथा ठाऊक असतात, पण त्या कोणत्या दिवशी पाळायच्या याचा घोळ होतो.

म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. मावळत्या वर्षाच्या शेवटच्या रात्री बारा वाजता एक रेघ पडते. झाडणे, धुणे, कापणे, उसने फेडणे आणि दार सजवणे ही सगळी कामे रेघेच्या अलीकडे संपवायची असतात. पलीकडे भेटणे, शुभ बोलणे आणि घरात जे आहे ते जपणे एवढेच उरते. पुढचे टप्पे मुख्यतः बीजिंग आणि उत्तर चीनमधल्या रिवाजाला धरून आहेत आणि दक्षिणेत जिथे ठळक फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. तरीही तुम्ही ज्या घरी जाणार आहात त्या घरची आजी सांगेल ते अंतिम मानावे.

१. तारीख आधी नक्की करा

हे नववर्ष साधारणपणे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात येते. २०२७ साली ते शनिवारी, ६ फेब्रुवारीला आहे आणि २०२८ साली २६ जानेवारीला. आपला चांद्रमास अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला सुरू होतो, तर चिनी महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, त्यामुळे २०२७ चे चिनी नववर्ष आपल्या पौष अमावास्येला पडते. अमावास्येला कसले नवे वर्ष, असे घरात कोणी म्हटलेच तर लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असते याची आठवण करून द्यावी.

गफलत मात्र दुसऱ्याच ठिकाणी होते. वर्षाच्या शेवटच्या रात्रीला बोलीभाषेत 'तिसावी रात्र' म्हणतात, पण बाराव्या महिन्याचे दिवस कधी २९ असतात तर कधी ३०, आणि २०२५ ते २०२९ ही पाचही वर्षे हा महिना २९ दिवसांचाच आहे. 'तिसाव्या रात्री जेवायला या' असे निमंत्रण शब्दशः घेऊन तारीख मोजणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी उगवतो, तेव्हा जेवण होऊन गेलेले असते.

तपासा: २०२७ साठी बाराव्या महिन्याचा तेविसावा दिवस ३० जानेवारीला, शेवटची रात्र ५ फेब्रुवारीला, नव्या वर्षाचा पाचवा दिवस १० फेब्रुवारीला आणि पंधरावा दिवस २० फेब्रुवारीला येतो. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये चिनी तिथी दाखवण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी.

२. पंधरा-वीस दिवस आधीची कामे

रेल्वेने जायचे असेल तर तिकिटे प्रवासाच्या पंधरा दिवस आधी खुली होतात. या सणाच्या गर्दीचा हंगाम चाळीस दिवसांचा असतो, त्यामुळे परतीचे तिकीटही त्याच हिशेबाने काढावे. किराणा, औषधे आणि घरातल्या किरकोळ दुरुस्त्या उरकून घ्याव्यात, कारण गल्लीतली छोटी दुकाने बंद होतात आणि नळ दुरुस्त करणारा गावी निघून जातो. उसने आणलेले पैसे व वस्तू परत कराव्यात. बँकेतून कोऱ्या नोटा आणाव्यात. शेवटच्या दोन दिवसांत त्या मिळतीलच असे नाही.

केस याच काळात कापून घ्यावेत. पहिल्या महिन्यात केस कापले तर मामा मरतो, अशी म्हण उत्तरेत सर्रास ऐकू येते. ती अक्षरशः मानणारे थोडे असतील, पण ज्यांना मामा आहे ते निदान त्याच्यासमोर तरी धोका पत्करत नाहीत. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी 'ड्रॅगन डोके वर काढतो' आणि त्या दिवशी न्हाव्याकडे रांग लागते.

नवे कपडे घेताना पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा पोशाख टाळावा. चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष बारा प्राण्यांपैकी एकाच्या नावाचे असते, आणि ज्याचे स्वतःचे प्राणीवर्ष, म्हणजे जन्मवर्षाच्या प्राण्याचे वर्ष, पुन्हा आले असेल त्याने वर्षभर अंगावर काहीतरी लाल बाळगण्याची रीत आहे. लाल मोजे किंवा कमरेचा लाल गोफ चालतो. २०२७ हे मेंढीचे वर्ष आहे, म्हणजे १९७९, १९९१ आणि २००३ साली जन्मलेल्यांचे.

इशारा: जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी नुसते इसवी साल पाहू नये. १९९१ साली चिनी नववर्ष १५ फेब्रुवारीला होते, त्यामुळे त्या वर्षी १० फेब्रुवारीला जन्मलेली व्यक्ती मेंढीची नसून आधीच्या घोड्याच्या वर्षातली ठरते.

३. चूलदेवाची पाठवणी आणि साफसफाई

उत्तरेत बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी चोविसाव्या दिवशी चूलदेव घरादाराचा वर्षभराचा अहवाल द्यायला स्वर्गात जातो, असे मानतात. त्याने गोड बोलावे, किंवा त्याचे तोंडच चिकटून बसावे, म्हणून त्याच्यापुढे चिकट माल्ट-साखरेची मिठाई ठेवतात. शहरांतल्या अनेक घरांतून पूजा गेली आहे आणि मिठाई तेवढी राहिली आहे. पाहुण्याने इथे करण्यासारखे काही नसते.

साफसफाई यानंतर सुरू होते. छतापासून जमिनीकडे आणि आतल्या खोलीपासून दाराकडे यावे. चादरी, पडदे, स्वयंपाकघराचा धूरपंखा आणि फ्रिजमागची जागा आधीच उरकावी, कारण शेवटच्या दिवशी स्वयंपाकघर रिकामे मिळत नाही. शेवटच्या दिवशी अंधार पडण्यापूर्वी घरातला सगळा कचरा इमारतीच्या खाली नेऊन टाकावा, केरसुणी आणि पोछा नजरेआड ठेवावा, आणि रात्रीच्या जेवणाआधी सर्वांनी न्हाऊन घ्यावे. केसांसाठी आणि संपत्ती मिळवण्यासाठी आजच्या सुलभ चिनी लिपीत एकच अक्षर आहे, म्हणून पहिल्या दिवशी केस धुणे म्हणजे आलेली संपत्ती धुऊन टाकणे, असा त्यामागचा अर्थ लावतात.

इशारा: केराची पिशवी दाराबाहेर ठेवून 'उद्या सकाळी टाकू' असे म्हणू नका. पहिल्या वर्षी मी तेच केले आणि सकाळी सातला पिशवी घेऊन लिफ्टकडे निघालो, तेव्हा शेजारच्या आजींनी मला हाताला धरून मागे फिरवले. पिशवी चार दिवस बाल्कनीत राहिली.

४. दारावरच्या पट्ट्या

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या वर्षभर दारावर दिसत राहतात. 'छुन-ल्येन' म्हणजे लाल कागदावर लिहिलेला जोडओळींचा संच. त्यात दोन उभ्या पट्ट्या आणि चौकटीच्या वर लावायची एक आडवी पट्टी असते. उभ्या ओळींत अक्षरांची संख्या सारखी असते, बहुधा पाच किंवा सात. त्यांतली एक पहिली ओळ असते आणि दुसरी उत्तराची. परंपरेने दाराकडे तोंड करून उभे राहिल्यावर पहिली ओळ आपल्या उजव्या हाताला आणि दुसरी डाव्या हाताला यावी लागते.

पहिली ओळ कोणती, हे चिनी न वाचता येणाऱ्यालाही ओळखता येते. दोन्ही पट्ट्यांची शेवटची, म्हणजे सर्वांत खालची अक्षरे मोबाइलच्या शब्दकोशात शोधावीत आणि त्यांचे सूर पाहावेत (चिनीत प्रत्येक अक्षर चार सुरांपैकी एका सुरात उच्चारतात). जिचे शेवटचे अक्षर तिसऱ्या किंवा चौथ्या सुराचे ती पहिली ओळ, आणि जिचे अक्षर पहिल्या किंवा दुसऱ्या सुराचे ती दुसरी. एक फार प्रचलित जोडी घेऊ. तिचा अर्थ साधारण असा: 'आकाश वर्षे वाढवते, माणूस आयुष्य वाढवतो, वसंत विश्वात भरतो, सुख दारात भरते.' हिची एक ओळ 'शौ' म्हणजे दीर्घायुष्य या चौथ्या सुराच्या अक्षरावर संपते, म्हणून ती उजवीकडे लावायची. दुसरी 'मन' म्हणजे दार या दुसऱ्या सुराच्या अक्षरावर संपते, म्हणून ती डावीकडे.

यात एक अपवाद आहे. वरची आडवी पट्टी जुन्या पद्धतीने उजवीकडून डावीकडे लिहिलेली असेल तर वरचा नियम लागू होतो. हल्ली बाजारात ती पुष्कळदा डावीकडून उजवीकडे छापलेली मिळते, आणि तसे असेल तर पहिली ओळही डावीकडे घेतात. आडव्या पट्टीची दिशा न बघता उभ्या पट्ट्या लावणे ही नेहमीची चूक आहे.

लावण्याचे काम शेवटच्या दिवशी सकाळी, शक्यतो दुपारच्या आत करावे. गेल्या वर्षीच्या पट्ट्या गरम पाण्याने भिजवून काढाव्यात, चौकट कोरडी पुसावी आणि नव्या पट्ट्या आधी वरच्या टोकाला चिकटपट्टीने तात्पुरत्या टांगाव्यात. दोन पावले मागे जाऊन दोन्हींची उंची सारखी आहे ना ते पाहावे. त्यानंतर मैद्याची खळ किंवा दुहेरी चिकटपट्टी लावून वरून खाली हात फिरवत आधी उजवी, मग डावी आणि शेवटी आडवी पट्टी पक्की करावी.

चौकोनी कागदावरचे 'फू' हे सुखाचे अक्षर पुष्कळ लोक उलटे लावतात, कारण 'उलटे' आणि 'आले' या दोन्हींचा उच्चार 'दाओ' असाच होतो. हा शब्दखेळ घरातल्या कपाटावर, धान्याच्या डब्यावर शोभतो. मुख्य दारावर मात्र ते सरळ लावावे, असा जाणत्यांचा आग्रह असतो आणि मला तो पटतो, कारण पाहुण्याला सामोरे जाणारे अक्षर डोके वर करून असावे. दोन फळ्यांचे दार असेल आणि त्यावर छिन छ्योंग व युची गोंग या थांग काळातल्या सेनापतींची द्वारपाल म्हणून चित्रे लावायची असतील, तर त्यांची तोंडे एकमेकांकडे हवीत. पाठीला पाठ लावून उभे असलेले द्वारपाल भांडलेले दिसतात.

इशारा: त्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला असेल तर लाल पट्ट्या लावत नाहीत, आणि काही भागांत हा नियम तीन वर्षे पाळतात. सुतक असलेल्या घरी हौसेने लाल संच भेट नेऊ नये.

५. लाल पाकिटे

आहेराच्या बाबतीत आपले संस्कार चीनमध्ये बरोबर उलटे पडतात. १०१, ५०१ असा वर एक रुपया लावून पांढऱ्या पाकिटात रक्कम देणे हा आपल्याकडे शुभशकुन आहे. तिथे पांढरे पाकीट आणि विषम रक्कम या दोन्ही गोष्टी अंत्यविधीच्या आहेत. 'होंगबाओ' म्हणजे पैसे घातलेले लाल पाकीट. त्यासाठी पाकीट लाल हवे, रक्कम सम हवी, नोटा कोऱ्या हव्यात आणि नाणी नकोत. चार या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो, म्हणून ४० किंवा ४०० टाळावेत. सहा आणि आठ शुभ मानतात, त्यामुळे २००, ६०० किंवा ८०० युआन चालतात. २५० ही रक्कम तर चुकूनही घालू नये, कारण 'अर-बाय-वू' म्हणजे अडीचशे, आणि बोलीत त्याचा अर्थ मूर्ख असा होतो.

पाकीट वडीलधाऱ्यांनी लहानांना द्यायचे असते. मुलांना दिलेल्या पैशांना 'या-स्वेइ-छ्येन' म्हणतात आणि ते शेवटच्या रात्री जेवणानंतर किंवा पहिल्या सकाळी नमस्कार-चमत्कार झाल्यावर देतात. काही घरांत ते झोपलेल्या मुलाच्या उशाखाली ठेवतात. दक्षिणेत, विशेषतः कँटोनी घरांत, लग्न झालेल्याने अविवाहितांना द्यायचे असा नियम आहे, तर उत्तरेत कमावता झालेला अविवाहित मुलगाही आईवडिलांना आणि भाच्या-पुतण्यांना देतो. हाँगकाँगला इमारतीचा पहारेकरी आणि सफाई करणारी बाई यांच्यासाठी छोट्या रकमेची पाकिटे खिशात तयार असावी लागतात.

देताना आणि घेताना दोन्ही हात वापरावेत. घेतलेले पाकीट देणाऱ्यासमोर उघडू नये. तुमच्या मुलाला कोणी पाकीट दिले की एक-दोनदा 'नको, नको' म्हणणे अपेक्षितच असते, पण तिसऱ्यांदाही हट्टाने नाकारले तर तो अपमान होतो. आणि शक्यतो त्याच भेटीत, तेवढ्याच मोलाचे पाकीट त्यांच्या मुलाला जायला हवे. वीचॅट या चिनी मोबाइल ॲपवरून पाठवायचे झाल्यास एका पाकिटाची नेहमीची कमाल मर्यादा २०० युआन आहे. कार्यालयातल्या गटात ते चालते, घरच्या ज्येष्ठांसमोर मात्र कागदी पाकीटच बरे दिसते.

तपासा: घरून निघताना पाकिटे मोजा आणि दोन-तीन जास्तीची घ्या. आधी न सांगितलेले एखादे भावंडाचे मूल हमखास तिथे असते.

६. शेवटच्या रात्रीचे जेवण आणि ज्याओत्झ

तुम्ही मांसाहार करत नसाल तर आठवडाभर आधी यजमानांना स्पष्ट सांगावे, आणि नुसते 'मांस खात नाही' एवढ्यावर थांबू नये. त्याचा अर्थ मांसाचे तुकडे नकोत असा घेतला जातो, आणि भाजी मात्र डुकराच्या चरबीत परतलेली किंवा हाडांच्या रश्श्यात शिजलेली निघते. चरबी, रस्सा, सुकी कोळंबी आणि कालवांचा सॉस यांची नावे घेऊन सांगावे. यजमानांना त्याचा राग येत नाही. ताटातले सगळे तसेच टाकलेले पाहून मात्र ते कष्टी होतात.

जेवणात अख्खा मासा असतो. 'यू' म्हणजे मासा आणि 'यू' म्हणजे शिल्लक, म्हणून तो संपवायचा नसतो, थोडा उद्यासाठी ठेवायचा असतो. माशाचे तोंड ज्येष्ठाकडे किंवा मुख्य पाहुण्याकडे असते आणि ती व्यक्ती पहिला घास घेईपर्यंत इतरांनी थांबावे. किनारपट्टीच्या भागात मासा उलटा करत नाहीत, कारण त्यात होडी उलटण्याचा अपशकुन पाहतात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत. मृतांपुढच्या उदबत्त्या तशाच खोचलेल्या असतात.

उत्तरेत सगळे घर मिळून 'ज्याओत्झ', म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या, करायला बसते, आणि तिथे पाहुण्याने हात लावणे कौतुकाचे ठरते. साठेक नगांसाठी ५०० ग्रॅम मैदा आणि सुमारे २५० मिलिलिटर गार पाणी लागते. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठाच्या जवळ जाणारे हवे. ओला रुमाल झाकून ते अर्धा तास मुरू द्यावे, नाहीतर लाटताना आखडते. कोबीला मीठ लावून पंधरा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळावे आणि सारण अगदी शेवटी एकत्र करावे, कारण आधी करून ठेवले की पाणी सुटते आणि पारी फाटते. शाकाहारी सारणात गार केलेली अंडाभुर्जी, चिनी लसणाची पात आणि मुगाच्या शेवया घालतात. कडक बौद्ध घरात अंडे, लसूण आणि कांद्याची पातही चालत नाही, म्हणून तिथे टोफू, मशरूम आणि गाजर घेतात.

पारी लाटताना मराठी हात हमखास चुकतो. पुरी सगळीकडे सारखी लाटायची सवय असते, पण इथे मधला भाग जाड आणि कडा पातळ हव्यात. डाव्या हाताने पारी फिरवत राहावे आणि उजव्या हातातले छोटे लाटणे कडेपासून मध्यापर्यंतच न्यावे, मध्यावर पोहोचण्याआधी परत फिरवावे. चमचाभर सारण ठेवून आधी मधोमध चिमटावे, मग दोन्ही बाजूंनी चुण्या घालत मिटवावे. करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांना हे दहा मिनिटांत जमते. नग पोटावर नीट बसला, सोन्याच्या जुन्या चिनी विटेसारखा दिसला की जमला.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळल्यावर वीस-पंचवीस नग सोडावेत आणि डावाच्या पाठीने तळातून अलगद ढकलावेत. उकळी वर आली की वाटीभर गार पाणी घालावे, आणि मांसाच्या सारणासाठी असे तीनदा करावे. शाकाहारी सारणाला एकदा पुरते. पोट फुगून वर तरंगले आणि बोटाने दाबल्यावर परत वर आले की काढावेत. एखादा फुटला तर 'फुटला' म्हणू नये. 'कमावला' अशा अर्थाचा शब्द वापरतात. काही घरांत एका नगात नाणे घालतात, म्हणून जपून चावावे.

दक्षिणेत ज्याओत्झऐवजी तांदळाच्या चिकट पिठाचा 'न्येनगाओ' असतो. तिथे जाऊन ज्याओत्झची चौकशी करू नये.

७. मध्यरात्र आणि पहिला दिवस

रात्रभर दिवे चालू ठेवतात आणि निदान बारापर्यंत जागतात. रात्री आठला सरकारी वाहिनीवर सुरू होणारा कार्यक्रम बहुतेक घरांत पार्श्वभूमीला चालू असतो, तो मन लावून पाहिलाच पाहिजे असे नाही. अनेक शहरांत फटाक्यांवर बंदी किंवा निर्बंध आहेत, म्हणून आपल्या वस्तीचा नियम आधी विचारावा.

बारा वाजल्यानंतर, म्हणजे रेघेच्या पलीकडे, झाडू नये, कचरा बाहेर टाकू नये, केस आणि कपडे धुऊ नयेत, कात्री-सुरी चालवू नये. पहिल्या दिवसाचे चिरणे-कापणे आदल्या दिवशीच उरकून ठेवलेले असते. न्याहारीला पेज खात नाहीत, ती गरिबीची खूण मानतात. जमिनीवर काही सांडलेच तर ते दाराकडे न नेता आतल्या बाजूला लोटून कोपऱ्यात जमा करावे. हातून काही फुटले तर लगेच 'स्वेइ-स्वेइ-फिंग-आन' म्हणावे. तुकडे होणे आणि वर्ष या दोन्हींसाठी 'स्वेइ' हाच उच्चार असल्याने त्याचा अर्थ 'वर्षानुवर्षे क्षेम' असा होतो आणि सगळे हसून सोडून देतात.

सकाळी 'शिन-न्येन-हाओ' किंवा उत्तरेत 'क्वो-न्येन-हाओ' म्हणून आधी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला अभिवादन करावे. आजार, मृत्यू, कर्ज आणि नोकरी गेल्याचे विषय त्या दिवशी काढू नयेत.

८. भेटीगाठी

पहिला दिवस वडिलांकडच्या घराचा असतो. दुसऱ्या दिवशी लग्न झालेली मुलगी नवऱ्यासह माहेरी जाते, म्हणून चिनी सासुरवाडी असलेल्या मराठी जावयाने दुसऱ्या दिवशी दुसरे कोणतेही आमंत्रण घेऊ नये. तिसऱ्या दिवशी भांडणे होतात असे दक्षिणेत मानतात, तेव्हा न विचारता कोणाकडे जाऊ नये.

भेटवस्तू जोडीने द्याव्यात. फळांची पेटी, चहा, सुका मेवा, मद्य या गोष्टी चालतात, आणि दक्षिणेत व सिंगापूरला संत्र्यांची जोडी दोन्ही हातांनी देतात. घड्याळ कधीही देऊ नये, कारण 'घड्याळ भेट देणे' आणि 'मृताला अखेरचा निरोप देणे' या दोन्हींचा उच्चार 'सोंग-झोंग' असाच आहे. नासपती आणि छत्री यांचे उच्चार ताटातुटीच्या शब्दांशी जुळतात. सुरी आणि पांढरी-पिवळी शेवंतीही वर्ज्य. कोणत्याही वस्तूचे चार नग नेऊ नयेत.

पाचव्या दिवशी, 'पो-वू'ला, बंधने सुटतात. साचलेला कचरा बाहेर जातो, धनदेवतेचे स्वागत होते, पुन्हा ज्याओत्झ होतात आणि दुकाने उघडू लागतात. पंधराव्या दिवशी पौर्णिमेचे कंदील लागतात आणि तांदळाच्या पिठाचे गोड गोळे खातात. उत्तरेत सारणाची गोळी कोरड्या पिठात घोळवून 'युएन-श्याओ' करतात आणि दक्षिणेत ओल्या पिठाच्या पारीत सारण भरून 'थांग-युएन'. घोळवलेले गोळे शिजायला जास्त वेळ घेतात आणि रस्सा घट्ट करतात, म्हणून दोन्ही प्रकार एका पातेल्यात टाकू नयेत.

यानंतर कंदील उतरवतात. दारावरच्या लाल पट्ट्या मात्र तशाच ठेवायच्या असतात. उन्हाने फिकट झाल्या, कोपरा सुटला तरी त्या ओढून काढू नयेत, सुटलेल्या कोपऱ्याला थोडी खळ लावावी. त्या पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी सकाळी, नवा संच हातात असतानाच काढायच्या.